झोतभट्टीत कोक आणि खनिज कसे पसरते: बर्डन डिस्ट्रिब्युशनचे मॉडेल पायरीपायरीने

बर्डन डिस्ट्रिब्युशनचे, म्हणजे झोतभट्टीत वरून ओतलेला कोक आणि खनिज केंद्रापासून भिंतीपर्यंत कसे पसरतात याचे, मॉडेल करायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी डीईएमचे (प्रत्येक तुकडा सुटा गोळा मानून त्याची हालचाल काढण्याच्या पद्धतीचे) सॉफ्टवेअर, मग रंगीत गोळ्यांचा व्हिडिओ, आणि केव्हातरी उशिरा प्रश्न पडतो की च्यूटची, म्हणजे माल भट्टीत ओतणाऱ्या फिरत्या पन्हळीची, लांबी नेमकी किती? मधल्या काळात माथ्यावरच्या तापमानाशी आलेख जुळावा म्हणून घर्षणांक हवा तसा फिरवून झालेला असतो. आलेख जुळतोही. पुढच्या आठवड्यात स्टॉकलाइन (भट्टीतल्या मालाची वरची पातळी) अर्धा मीटर खाली गेली की तेच मॉडेल तोंडावर आपटते.

म्हणून इथे पायऱ्या माल ज्या क्रमाने पडतो त्याच क्रमाने घेतल्या आहेत: हॉपर (माल साठवणारे नरसाळे), च्यूट, मालाची धार, ढीग, उतरण आणि सर्वांत शेवटी वायू. मागची पायरी पडताळल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. एक्सेल किंवा पायथनवर हे सगळे होते. डीईएम लागते, पण ठरावीक जागी आणि उशिरा.

लेख फिरत्या च्यूटच्या, म्हणजे बेल-लेस टॉप असलेल्या भट्टीसाठी आहे. घंटेच्या माथ्याची, म्हणजे माल घंटेसारख्या झाकणाच्या कडेवरून सोडणारी, भट्टी असेल तर पाचव्या टप्प्यातली च्यूटची गणिते गाळा आणि घंटेच्या कडेवरून सुटणारी धार व तिच्या वाटेतले मूव्हेबल आर्मर (धार वळवणाऱ्या सरकत्या प्लेटा) धरा. बाकीचे टप्पे तसेच राहतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक भट्टी घेऊ. थ्रोटचा (भट्टीच्या वरच्या तोंडाचा) व्यास ८ मीटर, दिवसाला ५,००० टन हॉट मेटल (वितळलेले कच्चे लोखंड), एका चार्जमध्ये (कोक आणि खनिजाच्या एका जोडीत) २० टन कोक आणि ८५ टन खनिज (सिंटर, म्हणजे भाजून चिकटवलेले बारीक खनिज, आणि पेलेट, म्हणजे खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या, मिळून). डोलवी, वर्ध्याजवळचे भूगाव किंवा गोव्यातले आमोणे इथल्या वाचकांनी आपापल्या भट्टीचे आकडे घालावेत. गोळाबेरीज बदलेल, क्रम नाही.

१. आधी प्रश्न लिहून काढा

"डिस्ट्रिब्युशन समजून घ्यायचे आहे" हा प्रश्न नव्हे. "कोकची एक फेरी ८ क्रमांकावरून ५ वर नेली तर भिंतीलगतच्या अर्ध्या मीटरात खनिज-कोक गुणोत्तर किती बदलेल?" हा प्रश्न आहे. (क्रमांक म्हणजे च्यूटच्या झुकावाची ठरलेली स्थाने.) त्याला साधे त्रिज्येवरचे मॉडेल पुरते. भट्टी एकाच बाजूला तापते आहे, ते का, हे शोधायचे असेल तर त्रिज्येवरचे मॉडेल कितीही नेटके केले तरी उपयोगाचे नाही, कारण त्यात परिघावरचा फरक मुळातच नसतो. तिथे समांतर हॉपरमधून च्यूटवर तिरकी पडणारी धार आणि च्यूटची फिरण्याची दिशा, दोन्ही धरावी लागतात.

२. भट्टीची भूमिती आणि शून्य पातळी

ड्रॉइंगवरून एवढे आकडे काढा: थ्रोटचा व्यास, थ्रोटची उंची, शाफ्टचा (थ्रोटखालच्या, खाली रुंदावत जाणाऱ्या भागाचा) कोन, च्यूटचा झुकण्याचा आस कोणत्या उंचीवर आहे, आसापासून टोकापर्यंत च्यूटची लांबी, आणि च्यूटचा तळ आसापासून किती बाजूला आहे. हे शेवटचे माप बहुतेक जण विसरतात. मग माल आसातून निघालेल्या रेषेवरून घसरतो असे मॉडेल मानते, प्रत्यक्षात तो लायनरवरून (च्यूटच्या आतल्या अस्तरावरून) घसरत असतो.

आता शून्य पातळी. स्टॉक रॉड (मालाची पातळी मोजणारी सळई) "१.५ मीटर" दाखवतो तेव्हा ते कुठून मोजलेले असते? कुठे ते थ्रोट आर्मरच्या (थ्रोटच्या भिंतीवरच्या संरक्षक प्लेटांच्या) वरच्या कडेपासून असते, कुठे उभ्या च्यूटच्या टोकाखालच्या एखाद्या पातळीपासून. कंट्रोल रूममधल्या तिघांना विचारलेत तर दोन उत्तरे मिळू शकतात. ड्रॉइंग आणि रॉडच्या कॅलिब्रेशनची नोंद समोरासमोर ठेवून एकच उत्तर ठरवा आणि फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा.

इशारा: च्यूटचा कोन उभ्या रेषेपासून मोजतात की आडव्या, हे पीएलसीच्या (च्यूट चालवणाऱ्या नियंत्रण संगणकाच्या) स्क्रीनवर लिहिलेले नसते. ४५ अंशांवर चूक लपून राहते, ३० वर उघडी पडते. स्थान क्रमांकांचेही तसेच आहे. काही ठिकाणी १ म्हणजे केंद्र आणि ११ म्हणजे भिंत, काही ठिकाणी नेमके उलट. दुसऱ्या भट्टीचा चार्जिंग मॅट्रिक्स (कोणत्या स्थानावर किती फेऱ्या, याचा तक्ता) उसना घेताना इथेच फसगत होते. या लेखात १ म्हणजे केंद्र.

त्रिज्येचे समान क्षेत्रफळाचे ११ पट्टे पाडा. पट्ट्याची बाहेरची त्रिज्या काढायला त्याचा क्रमांक भागिले ११, त्याचे वर्गमूळ, गुणिले थ्रोटची त्रिज्या. आपल्या ४ मीटर त्रिज्येत पहिला पट्टा १.२१ मीटरपर्यंत पसरतो, तर शेवटचा, भिंतीलगतचा, फक्त १९ सेंटिमीटर रुंद असतो. हे १९ सेंटिमीटर लक्षात ठेवा. कोकचे तीन-चार तुकडे शेजारी ठेवले की एवढी जागा भरते, आणि धार कुठे पडते यातली आपली चूक याहून कमी असायला हवी.

तपासणी: २.८३ मीटरच्या बाहेर निम्मे क्षेत्रफळ यायला हवे, आणि केंद्रापासून ४० सेंटिमीटरच्या आत केवळ १ टक्का. असे येत नसेल तर तुम्ही पट्टे समान रुंदीचे पाडले आहेत.

३. मालाची मापे

पुस्तकातले आकडे सुरुवातीला चालतात. ढोबळ घनता कोकची घनमीटरला सुमारे ४५० ते ५५० किलो, सिंटरची १,७०० ते १,९००, पेलेटची २,००० ते २,२००. ढिगाचा नैसर्गिक उतार कोकचा ३५ अंशांच्या पुढेमागे, सिंटरचा त्याहून थोडा कमी, आणि पेलेट गोल असल्याने तिचा २५ ते २८ अंश. पण दोन गोष्टी आपल्या यार्डात मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. घनता ही पहिली, आणि ती बादलीत नव्हे, निदान घनमीटरभर मापाच्या पेटीत. बादलीच्या काठाशी मोठे तुकडे नीट बसत नाहीत आणि कोकची घनता कमी भरते. दुसरी गोष्ट चाळणी. तिचा नमुना स्टॉकहाउसच्या (मालाच्या कोठाराच्या) स्क्रीननंतरचा हवा, आधीचा नको. भट्टीत जातो तो नंतरचा.

उताराच्या बाबतीत एक सावधगिरी. फरशीवर ओतलेल्या ढिगाचा उतार आणि चालू भट्टीतला उतार एक नसतो. वरून वेगाने येणारा माल आणि खालून येणारा वायू यांमुळे भट्टीतला उतार सहसा कमी असतो. शिवाय केंद्राकडचा आणि भिंतीकडचा उतारही सारखा नसतो, कारण धार बाहेरच्या दिशेने पळत येते. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक मालाला दोन कोन द्या, आतला आणि बाहेरचा.

तुकड्यांचा सरासरी आकार काढताना सरळ सरासरी घेऊ नका. निम्मे वजन ४० मिमीचे आणि निम्मे ५ मिमीचे असेल तर सरळ सरासरी २२.५ मिमी येते, पण वायूला जो आकार जाणवतो तो हार्मोनिक सरासरीचा, ८.९ मिमी. बारीक माल थोडा असला तरी तोच वायूची वाट अडवतो, आणि सरळ सरासरीत तो दिसेनासा होतो.

ओलावाही बघा. चार्जचे वजन ओलावा वजा करून नोंदवलेले असते, पण हॉपरमध्ये जागा ओल्या कोकची जाते. खनिजात मिसळून टाकला जाणारा नट कोक (लहान तुकड्यांचा कोक) खनिजाच्या थरात धरा, कोकच्या नव्हे. एकूण गुणोत्तर काढताना मात्र तो कोकमध्ये मोजा.

तपासणी: आपल्या भट्टीत २० टन कोक म्हणजे घनमीटरला ५०० किलोने ४० घनमीटर. थ्रोटचे क्षेत्रफळ ५०.३ चौरस मीटर, म्हणून कोकच्या थराची सरासरी जाडी ०.८० मीटर. खनिज १.९ टन घनतेने सुमारे ४४.७ घनमीटर, जाडी ०.८९ मीटर. स्टॉक रॉड एका चार्जनंतर एकूण किती वर येतो ते या बेरजेशी ताडा. रॉडचे माप बेरजेपेक्षा थोडे कमी असणारच, कारण बारीक खनिज कोकच्या फटींत शिरते आणि ओतता ओतता भट्टी खालीही सरकत असते. फारच कमी असेल तर घनता चुकली आहे.

४. चार्जिंगचा क्रम जसा घडतो तसा उतरवा

कागदावरचा मॅट्रिक्स समजा असा आहे. कोक: १०, ९, ८, ७, ६ या स्थानांवर प्रत्येकी २ फेऱ्या, मग ५ वर १ आणि १ वर १, एकूण १२. खनिज: १०, ९ आणि ८ वर प्रत्येकी ३, ७ वर २, ६ वर १, एकूण १२. च्यूट मिनिटाला ८ फेऱ्या घेत असेल तर १२ फेऱ्यांना ९० सेकंद लागतात.

बहुतेक मॉडेल इथे ४० घनमीटर भागिले १२ करून मोकळी होतात. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत गेट उघडत असते, शेवटच्या फेरीत हॉपर संपत असतो. हॉपर लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या यंत्रावर) असेल तर सेकंदागणिक वजन उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरीला तिचे स्वतःचे वजन द्या.

त्याहून मोठी चूक झुकण्याच्या वेळेची. च्यूट ५ वरून १ वर उडी मारत नाही. समजा मधले अंतर २४ अंश आहे आणि च्यूट सेकंदाला १.६ अंश झुकतो, तर त्याला १५ सेकंद लागतात. म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या. तेवढ्या वेळात गेट उघडेच असेल तर ६.७ घनमीटर कोक, अख्ख्या बॅचचा (एका वेळी ओतलेल्या कोकचा) सहावा हिस्सा, वाटेत ४, ३, २ या पट्ट्यांवर सांडतो. मॅट्रिक्समध्ये त्याची नोंद कुठेच नाही. केंद्रात टाकायचा म्हणून ठरवलेला कोक केंद्रात पोहोचतच नाही, आणि मॉडेल मात्र केंद्रात कोकची चिमणी उभी राहिल्याचे दाखवते! पीएलसी फेऱ्या मोजताना हा वेळ धरते की नाही, झुकताना गेट आवळते की नाही, हे ऑटोमेशनवाल्याकडून लेखी घ्या.

हॉपरमधून कोणता आकार आधी बाहेर पडतो हेही या टप्प्यातच ठरते. कन्व्हेयरवरून भरताना बारीक माल पडण्याच्या जागेखाली राहतो आणि मोठे तुकडे कडेला घरंगळतात. रिकामे होताना बहुधा मधला माल आधी निसटतो आणि कडेचा शेवटी. हॉपरचा आकार बदलला की हा क्रमही बदलतो. म्हणून शटडाउनमध्ये किंवा लघुप्रतिकृतीत एकदा मोजून घ्या, गृहीत धरू नका.

५. धार कुठे पडते

मॉडेलचा कणा इथे आहे. च्यूटवरून घसरणाऱ्या मालाचा प्रवेग दोन पदांचा असतो, आणि त्यातला झुकाव उभ्या रेषेपासून मोजायचा:

पहिले पद: गुरुत्व प्रवेग × (कॉस झुकाव − घर्षणांक × साइन झुकाव)

दुसरे पद: कोनीय वेगाचा वर्ग × आसापासूनचे अंतर × साइन झुकाव × (साइन झुकाव + घर्षणांक × कॉस झुकाव)

दुसरे पद फिरण्यामुळे येते. अंतर वाढेल तसे ते वाढते, म्हणून स्थिर प्रवेगाचे शाळेतले सूत्र इथे लावू नका. छोट्या छोट्या पावलांनी बेरीज करा. टोकाशी वेग मिळाला की पुढे मुक्त पतन. त्यात बाहेरच्या दिशेचा वेग आणि च्यूटच्या फिरण्यामुळे मिळालेला स्पर्शरेषेतला वेग, दोन्ही धरायचे. पडण्याची त्रिज्या म्हणजे या दोन अंतरांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ.

आकडे घालून बघू. लांबी ३ मीटर, झुकाव ४५ अंश, मिनिटाला ८ फेऱ्या, घर्षणांक ०.५. माल आसापासून अर्ध्या मीटरवर सेकंदाला २ मीटर वेगाने घसरू लागतो, आणि टोकापासून स्टॉकलाइनपर्यंत २.५ मीटरची उडी. टोकाशी वेग ५.१ मीटर येतो, पतनाला ०.४४ सेकंद लागतात, आणि माल केंद्रापासून ३.७७ मीटरवर पडतो.

आता एकेक गोष्ट बदलून बघा. फिरण्याचा परिणाम पूर्ण वगळला तर ३.६१ मीटर, म्हणजे १६ सेंटिमीटर आत. घर्षणांक ०.५ चा ०.६ केला तर ३.७२, फरक अवघा ५ सेंटिमीटर. आणि स्टॉकलाइन अर्धा मीटर खाली नेली तर ४.०१: माल पृष्ठभागाला लागायच्या आधीच भिंतीवर आदळतो. ज्या घर्षणांकावरून लोक दिवसचे दिवस वाद घालतात, तो इथे दुय्यम आहे. स्टॉकलाइनच्या शून्य पातळीतली चूक त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

धारेला जाडी असते हे विसरू नका. आतली आणि बाहेरची अशा दोन कडा काढा आणि फेरीचे वजन त्यांच्या दरम्यान वाटा. एका रेषेवर सगळा माल ओतला तर ढिगाचे शिखर अवास्तव टोकदार येते. कोक आणि खनिजाची कोनांची तालिकाही वेगळी ठेवा. दोघांची धार एका कोनात एकाच जागी पडत नाही.

तपासणी: इथे थांबा आणि प्रत्यक्ष माप मिळवा. नवीन किंवा रिलाइन केलेली भट्टी पेटवण्याआधी भरताना लेझर स्कॅनरने धार आणि पृष्ठभाग मोजता येतो. ही संधी वर्षानुवर्षांनी एकदा येते, ती सोडू नका. चालू भट्टीसाठी शटडाउनमध्ये आर्मर प्लेटवरच्या घासल्याच्या खुणा बघा. कोणत्या कोनाला धार भिंतीला लागते, एवढे कळले तरी घर्षणांकावर लगाम बसतो.

इशारा: हे माप घ्यायला माथ्यावर जाणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या तोंडाशी जाणे. गॅस सेफ्टीची परवानगी, अंगावर सीओ मॉनिटर, श्वसनयंत्र आणि खाली थांबलेला जोडीदार यांतले एकही नसेल तर माप राहू द्या.

धारेचे आकडे जुळले की घर्षणांक गोठवा. यापुढे काहीही जुळत नसले तरी त्याला हात लावायचा नाही.

६. ढीग रचणे

पृष्ठभाग ५-५ सेंटिमीटरच्या घरांत विभागा, ४ मीटरला ८० घरे होतात. प्रत्येक फेरीसाठी धारेच्या मध्यावर शिखर धरा, त्याच्या आत आतला उतार, बाहेर बाहेरचा उतार. नवा पृष्ठभाग म्हणजे जुना पृष्ठभाग आणि ही रेषा यांतला जो उंच असेल तो. शिखराची उंची अशी शोधा की मधले घनफळ त्या फेरीच्या घनफळाइतके भरेल. उंची वरखाली करत अर्धा-अर्धा टप्पा घेण्याची साधी पद्धत पुरते.

घनफळ काढताना प्रत्येक घराला त्याच्या परिघाने गुणायचे. कागदावरच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे घनफळ नव्हे. ३.५ मीटरवरच्या एका सेंटिमीटर उंचीत ०.५ मीटरवरच्या सातपट माल मावतो. ही चूक केलेली मॉडेल ओळखायला सोपी असतात: त्यांच्यात केंद्र नेहमी कोरडे आणि भिंत फुगलेली दिसते.

केंद्रातल्या कोकचे उदाहरण बघा. मॅट्रिक्समधली १ क्रमांकाची एक फेरी म्हणजे ३.३ घनमीटर. तो ०.८ मीटर त्रिज्येतच राहील असे मानले तर तिथे १.६६ मीटरचा खांब उभा राहतो. कोक असा उभा राहत नाही. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखा तो पसरतो. ३५ अंशांचा शंकू काढला तर सपाट पृष्ठभागावर त्याची त्रिज्या १.६६ मीटर आणि उंची १.१६ मीटर येते. योगायोगाने आकडा तोच आला आहे, पण आधी तो उंचीचा होता आणि आता पसाऱ्याचा आहे. प्रत्यक्षात पृष्ठभाग केंद्राकडे खोलगट असतो, म्हणून पसारा याहून कमी. नुसत्या फेऱ्या मोजून केंद्रातल्या कोकची रुंदी ठरवता येत नाही, हे मात्र पक्के.

तपासणी: बॅच संपल्यावर सगळ्या घरांचे घनफळ बेरीज करून ओतलेल्या घनफळाशी ताडा. हजारात एकापेक्षा जास्त फरक असेल तर कोडमध्ये गळती आहे, बहुधा भिंतीच्या घरात.

७. खनिजाच्या माऱ्याने सरकणारा कोक

हलक्या कोकच्या उतारावर जड खनिज येऊन आदळते तेव्हा कोकचा वरचा थर जागा सोडून केंद्राकडे घसरतो. हे धरले नाही तर मॉडेलमध्ये मधल्या पट्ट्यात कोक जास्त आणि केंद्रात कमी दिसतो, आणि पुढे वायूचा हिशेब कधीच जुळत नाही. बरेच जण नेमके इथे येऊन परत घर्षणांकाकडे वळतात. नका वळू.

साधा मार्ग असा: खनिजाची धार पडते त्या जागेपासून केंद्राकडच्या उतारावरचा ठरावीक जाडीचा कोक उचला आणि उताराच्या पायथ्याशी, कमी कोनाने, तेवढ्याच घनफळाचा ठेवा. ती जाडी मोजमापावरून किंवा डीईएमवरून ठरवा. खनिजाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हा परिणाम सर्वांत जास्त असतो. एकदा कोकवर खनिजाची चादर बसली की पुढच्या फेऱ्या खनिजावरच पडतात.

८. उतरण

आपल्या भट्टीत चार्जला ५२.५ टन हॉट मेटल निघते, म्हणजे दिवसाला ९५ चार्ज. दर चार्जला १.६९ मीटर, म्हणून थ्रोटमधली उतरण तासाला सुमारे ६.७ मीटर, मिनिटाला ११ सेंटिमीटर. ९० सेकंदांच्या बॅचमध्येच पृष्ठभाग १७ सेंटिमीटर खाली गेलेला असतो. म्हणून पडण्याची उंची प्रत्येक फेरीला नव्याने घ्या.

उतरणीचा वेग त्रिज्येवर सारखा नसतो. टुयरसमोर (भट्टीत गरम हवा फुंकणाऱ्या नळीसमोर) कोक जळतो, त्यामुळे भिंतीकडची बाजू सहसा लवकर खाली जाते. दोन बॅचमध्ये पृष्ठभागाचा आकार बदलतो, आणि पुढची बॅच त्या बदललेल्या आकारावर पडते. रडार किंवा प्रोफाइल मीटर असेल तर ओतल्यानंतरचे आणि पुढच्या ओतण्याआधीचे अशी दोन मापे घ्या. त्यांच्यातला फरक म्हणजेच वेगाचा आलेख. मीटर नसेल तर भिंतीकडचा वेग केंद्रापेक्षा थोडा जास्त असलेली सरळ रेषा धरून पुढे जा आणि ते गृहीतक अहवालात उघड लिहा.

शाफ्ट खाली रुंदावतो तसे थर पातळ होतात. बेलीचा (भट्टीच्या सर्वांत रुंद भागाचा) व्यास ११ मीटर असेल तर ०.८० मीटरचा कोक थर तिथे ०.४२ मीटर उरतो, तोही कोक जळण्याचा हिशेब न धरता.

तपासणी: एक चार्ज चालवून आलेख काढू नका. सुरुवातीचा पृष्ठभाग तुम्ही कल्पनेने दिलेला असतो. लागोपाठ चार्ज ओतत राहा, दोन सलग चार्जनंतरचा आकार एकमेकांवर बसेपर्यंत.

९. पट्ट्यांचा हिशेब आणि वायू

प्रत्येक पट्ट्यात खनिज-कोक गुणोत्तर वजनात काढा आणि कोकचा वाटा घनफळात. दोन्ही आकडे हवेत. रासायनिक हिशेबाला वजन लागते, वायूच्या वाटेला जाडी. सगळ्या पट्ट्यांचे वजनी गुणोत्तर एकत्र केले की ८५ भागिले २०, म्हणजे ४.२५ आलेच पाहिजे.

वायूसाठी एर्गनचे समीकरण (तुकड्यांच्या थरातून जाणाऱ्या वायूच्या दाबातली घट काढणारे) पट्टानिहाय लावा. दाबातली घट सगळ्या पट्ट्यांत सारखी, प्रवाह वेगवेगळा. तुलना माथ्यावरच्या प्रोबच्या (मोजणाऱ्या सळईच्या) तापमानाशी किंवा सीओच्या वापराशी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भागिले दोन्ही कार्बन वायूंची बेरीज, याच्याशी करा. आलेखाचा आकार बघा: शिखर कुठे आहे, भिंतीशी वळण कुठे घेतो. तापमानाचे आकडे हुबेहूब जुळवायचा हट्ट या मॉडेलकडून धरू नका, त्यात उष्णतेचे गणितच नाही. आकार जुळला नाही तर उतरणीचा वेग आणि कोकच्या सरकण्याची जाडी, या दोनच गोष्टी तपासा. बाकीचे आकडे आधीच गोठलेले आहेत.

१०. डीईएम आणि लघुप्रतिकृती कधी

डीईएमचा खर्च आधी मोजा. ४० घनमीटर कोक, ५० मिमीचे गोळे धरले तर ३ लाखांच्या घरात. ४४.७ घनमीटर खनिज, २० मिमीचे गोळे, सुमारे ६० लाख. १० मिमी धरले की त्याच्या आठपट. म्हणून पूर्ण भट्टीचे डीईएम करायच्या भानगडीत न पडता दोन कामांसाठी ते वापरा: हॉपरमधून निघणारा आकारांचा क्रम, आणि खनिजाखाली सरकणारा कोक. गोळे मोठे करून संख्या कमी केलीत तर मोठ्या गोळ्यांनी आधी फरशीवरचा ढीग रचून बघा. उतार मोजलेल्याइतका येईपर्यंत लोळण्याचे घर्षण बदला. टाइम स्टेप रेले कालखंडाच्या (गोळ्याच्या पृष्ठभागावरून लहर पसरायला लागणाऱ्या वेळेच्या) २० ते ३० टक्के ठेवा. गणित लवकर व्हावे म्हणून कडकपणा कमी केला असेल तर गोळे एकमेकांत व्यासाच्या एखाद्या टक्क्याहून जास्त घुसत नाहीत ना ते पाहा. गोळे घेऊन कोकचा उतार येतो, पण कोकचे खडबडीत तुकडे एकमेकांत अडकतात तसे गोळे अडकत नाहीत. सरकण्याचा आकडा त्यामुळे थोडा जास्तच येतो, असे धरून चाला.

पवई, पुणे, नागपूर इथल्या मेटलर्जीच्या विद्यार्थ्यांनी १:१० ची प्रतिकृती बनवली तर फ्राउड अंक (गती आणि गुरुत्व यांच्या परिणामांचे गुणोत्तर) सारखा ठेवावा लागतो. वेळ १० च्या वर्गमूळाने आखडतो, म्हणून मिनिटाला ८ फेऱ्यांच्या जागी २५.३. कोक ४० लिटर, आणि तो ९० नव्हे, २८.५ सेकंदांत संपला पाहिजे. ५० मिमीचा तुकडा ५ मिमीचा. प्रतिकृतीचा च्यूट ८ फेऱ्यांवरच फिरवला तर धार आत पडते, आणि त्यावर बेतलेला घर्षणांक खऱ्या भट्टीत चालत नाही. बारीक मालाची धूळही १:१० ने आणखी बारीक करू नका. ती एकमेकांना चिकटू लागते आणि उतार भलताच येतो; बारीक टोक चाळून काढा आणि तसे नोंदवा.

मॉडेल चालू लागल्यावर च्यूटचा लायनर बदलला, पेलेटचा वाटा बदलला, स्क्रीनची जाळी बदलली किंवा स्टॉक रॉडचे कॅलिब्रेशन झाले, की त्या त्या टप्प्यापासून पुढचे सगळे पुन्हा चालवा. लायनरसाठी पाचवा, पेलेटसाठी आणि जाळीसाठी तिसरा, रॉडसाठी दुसरा.